आतली बाजू

शिकुतिमीत एप्रिल म्हणजे
बर्फ नाही, चिखलही नाही, मधलंच काहीतरी.
रस्त्यावर टाकलेलं मीठ अजून कडेकडेला पांढरं,
आणि खड्डे, ज्यांना आमच्या बोलीत
कोंबडीची घरटी म्हणतात,
पाण्याने काठोकाठ भरलेले,
जसं काही त्यांनी कधी कुणाचं वाकडं केलंच नाही.

गराजमध्ये जुन्या ब्लँकेटवर
तिबोची चार हिवाळी चाकं पालथी पडली आहेत.
पालथं पडल्यावर कळतं, चाकाला पाठ असते,
आणि पाठीवर कुणाचा हात कधी गेलेला नसतो.

बाहेरून चकाचक केली की झालं, मावशी,
तिबो म्हणाला,
उद्या ती येणार, पैसे देणार, नेणार.
आत कोण बघतंय?

बत्तीस वर्षं मी लोकांचे दात साफ केले.
हे वाक्य मला पाठ आहे.
हसताना दिसतात ते सगळेच घासतात.
मी राहायचे मागच्या गल्लीत,
जिभेच्या बाजूला, अक्कलदाढेच्या आडोशाला,
छोटा आरसा घेऊन.

तर आधी नुसतं पाणी.
मग ते औषध, ज्याला कुजक्या अंड्याचा वास येतो.
फवारलं की जिथे जिथे ब्रेकची लोखंडी धूळ रुतली आहे
तिथे तिथे जांभळे ओघळ फुटतात.
शाळेतल्या पोरांना मी अशाच गोळ्या चघळायला द्यायचे,
न घासलेलं सगळं रंगून वर यायचं,
आणि एखादी पोरगी ओठ मिटून घ्यायची.
चाकाला ओठ नाहीत. ते वाहत राहिलं.

ब्रशची दांडी खोलवर पोचेना,
म्हणून सूपच्या लाकडी पळीला कापड गुंडाळलं.
वजनाच्या शिशाच्या पट्ट्यांभोवती टूथब्रश,
मऊ केसांचा. कडक नको. कडक हात
हिरडीला आणि रंगाला सारखाच वाईट.
शेजारचा रोझेर दारात उभा राहून
कॉफी संपेपर्यंत बघत होता.
म्हणाला, माझ्या कवळीचं काय घेशील?

पहिली दोन निघाली. करडी, मग रुपेरी.
तिसऱ्याला साबण लावला आणि खुर्चीत टेकले.
गुडघे म्हणजे गुडघे.

फेस खाली बसला.
एका जागी बसला नाही.
काठाजवळ एक बुडबुडा फुगला,
मोहरीएवढा, वाटाण्याएवढा, फुटला.
त्याच जागी दुसरा.
मग तिसरा, अगदी सावकाश,
जणू चाक झोपेत तोंडाने श्वास घेत होतं.

बोट फिरवलं. काही लागलं नाही.
नखाला लागलं.
केसाएवढी चीर, बोटभर लांब,
सगळ्या हिवाळ्याच्या काजळीखाली.

तिबो दर रविवारी या चाकात हवा भरायचा.
थंडीने कमी होते, म्हणायचा.

मी त्याला हाक मारली. बोलले काहीच नाही.
दवाखान्यातही नाही बोलायचे;
आरसा धरायचे, आणि डॉक्टर येईपर्यंत
छताकडे बघणाऱ्या माणसाशी
त्याच्या कुत्र्याबद्दल गप्पा मारायचे.
तो वाकला. बुडबुडा आला. गेला. आला.

ती रोबेर्व्हालहून येणार होती,
शंभरेक किलोमीटर, येताना जाताना त्याच घरट्यांवरून.
पुसून टाकलं असतं तर दिसलंही नसतं.
हे आम्हा दोघांना एकाच वेळी सुचलं असावं,
कारण दोघंही एकाच वेळी
दुसरीकडे बघायला लागलो.

मग त्याने खिशातून फोन काढला
आणि बाहेर अंगणात गेला.
काचेतून आवाज नाही आला,
फक्त मोकळा हात दिसला, तीन बोटं वर:
चार नाहीत, तीन.

परत आला तो चौथ्या चाकापाशी बसला.
टूथब्रश उलटा धरला होता.
मी तोंड उघडलं,
आणि मिटलं.